दुर्बिणीत पांढुरका डाग, फोटोत रंगांची उधळण: यातलं खरं काय?

सोलापुरात बारावीला असलेल्या एका मुलीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. डिसेंबरात ती नान्नजच्या बाजूला माळावर आकाशदर्शनाला गेली होती. सहा इंची दुर्बिणीतून देवयानी दीर्घिका दाखवली, तर दिसला एक पांढुरका डाग. घरी येऊन जेम्स वेब दुर्बिणीचे फोटो पाहिले, तर तिथे रंगच रंग. मग हे फोटो खरे की कॉम्प्युटरवर रंगवलेले? ‘तेराशे कोटी वर्षांपूर्वीची दीर्घिका’ हे कुणी आणि कसं ठरवलं? आणि शास्त्रज्ञ दुर्बिणीला डोळा लावतच नसतील, नुसते स्क्रीनकडे बघत असतील, तर त्यात नवल वाटण्यासारखं काय उरतं?

मी मूळची सोलापूरची. दीर्घिकांच्या प्रतिमा आणि वर्णपट (म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार पसरवून घेतलेली नोंद) तपासणं हे माझं रोजचं काम. तुझा तिसरा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटला, पण त्याचं उत्तर पहिल्या दोघांत दडलेलं आहे, म्हणून क्रमाने जाऊ. उत्तर लांबेल, सवडीने वाच.

फोटो खरे आहेत. रंग माणसांनी दिलेले आहेत. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

वेबच्या मुख्य कॅमेऱ्याचं नाव निअरकॅम. त्याच्या संवेदकाला रंग कळत नाही. अमुक चौकोनावर (पिक्सेलवर) अमुक इतका प्रकाश पडला, एवढंच तो मोजतो. समोर फिल्टर असतो आणि तो ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश आत सोडतो. एक फिल्टर म्हणजे एक कृष्णधवल चित्र. १२ जुलै २०२२ च्या पहाटे आपण भारतात जे पहिलं चित्र पाहिलं, एसएमएसीएस ०७२३ या दीर्घिकासमूहाचं, ते अशा सहा फिल्टरमधून घेतलेल्या चित्रांचं मिळून झालं होतं. त्यासाठी एकूण साडेबारा तासांचं एक्स्पोजर लागलं. सगळ्यात आखूड फिल्टर ०.९ मायक्रॉनचा, सगळ्यात लांब ४.४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपल्या डोळ्याला साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉनपर्यंतचाच प्रकाश दिसतो. म्हणजे त्या चित्रातला एकही किरण तुला-मला नुसत्या डोळ्यांनी दिसला नसता.

मग रंग कसे दिले? आखूड तरंगलांबीला निळा, लांब तरंगलांबीला लाल, मधल्यांना मधले. हा क्रम पाळावाच लागतो. काळी चारमध्ये गायलेलं गाणं पांढरी एकमध्ये गायलं तरी चाल तीच राहते, तसं हे पट्टी बदलणं आहे. त्या चित्रात एक दीर्घिका दुसरीपेक्षा लाल दिसते, ती खरोखरच लांब तरंगलांबीत जास्त तेजस्वी असते, आणि त्याला काहीतरी कारण असतं: एक तर ती धुळीने भरलेली असते, नाहीतर फार दूर असते, नाहीतर तिच्यातले तारे म्हातारे झालेले असतात. हा लालपणा आम्ही आकड्यांत मोजतो. रंगीत चित्र लोकांसाठी बनतं हे खरं, पण आम्हीही ते उघडून बसतो, कारण नजरेला जे चटकन खटकतं ते आकड्यांच्या रकान्यात सापडायला वेळ लागतो.

कच्चा डेटा कसा दिसतो तेही सांगते, कारण ‘कॉम्प्युटरवर बनवलंय’ ही शंका तिथेच फिटते. दुर्बिणीकडून आलेली फाइल फिट्स नावाच्या प्रकारात असते. ती डीएस-नाइनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की पहिल्यांदा जवळपास काळा पडदा दिसतो, त्यावर दोनचार पांढरे तारे. मग चमक दाखवण्याचं प्रमाण बदलायचं, सरळ रेषेऐवजी लॉगवर न्यायचं. त्याच क्षणी काळ्या जागेतून दीर्घिका वर येतात, शेकड्याने. एकही नवा कण त्या फाइलमध्ये आलेला नसतो. सगळं आधीपासून तिथेच असतं, फक्त स्क्रीनला एका वेळी इतकं मंद आणि इतकं प्रखर दाखवता येत नाही. हे आजही माझ्या अंगावर काटा आणतं.

त्याच कच्च्या चित्रात घाणही भरपूर असते. विश्वकिरणांनी, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांनी, संवेदकावर आपटून काढलेले पांढरे ओरखडे असतात, इलेक्ट्रॉनिक्समुळे उमटलेले आडवे पट्टे असतात, काही चौकोन कायमचे मेलेले असतात. आपल्याच आकाशगंगेतला एखादा तारा चौकटीत आला की त्याला सहा मोठे टोकदार किरण फुटतात. ते आरशाच्या षटकोनी तुकड्यांमुळे आणि समोरच्या दांड्यांमुळे येतात, ताऱ्याला खरे काटे नसतात. म्हणून एकाच जागेची अनेक चित्रं घेतात आणि प्रत्येक वेळी दुर्बीण किंचित सरकवतात. जो ठिपका आकाशात त्याच जागी टिकतो तो आकाशातला. जो कॅमेऱ्याबरोबर सरकतो तो कॅमेऱ्याचा, आणि जो एकदाच दिसतो तो विश्वकिरणाचा. कॉम्प्युटरचं काम मुख्यतः हे असतं: जे आकाशातलं नाही ते काढून टाकणं.

आता तुझ्या पांढुरक्या डागाबद्दल. डोळा प्रकाश साठवत नाही. सेकंदाच्या अगदी छोट्या भागात जे आलं ते पाहतो आणि पाटी पुसून पुन्हा सुरू करतो. शिवाय मंद उजेडात रंग ओळखणाऱ्या पेशी कामच करत नाहीत, म्हणून देवयानी राखाडी दिसते. संवेदक मात्र तासन्‌तास थेंबथेंब जमवत राहतो. सगळा फरक या साठवण्यात आहे. तू पाहिलेला डाग कमअस्सल नव्हता. तो प्रकाश २५ लाख वर्षं चालून थेट तुझ्या डोळ्यात शिरला, मध्ये ना कॅमेरा ना फाइल. आणि तो डाग म्हणजे आपल्याच आकाशगंगेतला ढग की स्वतंत्र दीर्घिका, यावरचा वाद विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठमोठ्या लोकांत रंगला होता. १९२३ मध्ये एडविन हबल यांना माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीतून त्या डागात एक रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणारा, तारा सापडला आणि त्यावरून अंतर काढता आलं. विश्व एका दीर्घिकेपुरतं नाही हे माणसाला कळून अजून धड सव्वाशे वर्षंही झालेली नाहीत.

हबल यांचंच नाव दिलेली अवकाश दुर्बीण २४ एप्रिल १९९० ला सुटली. तिच्या २.४ मीटरच्या आरशाची कड केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाइतकी जास्त घासली गेली होती. तेवढ्याने चित्रं धूसर आली. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्तीची भिंगं-आरसे बसवले. त्यानंतर दोन वर्षांनी जे घडलं ते मला खगोलशास्त्रातलं सगळ्यात धाडसाचं काम वाटतं. दुर्बिणीचं काम पाहणाऱ्या बाल्टिमोरच्या संस्थेचे संचालक तेव्हा रॉबर्ट विल्यम्स होते. संचालकाच्या वाट्याला थोडा वेळ राखीव असतो. त्यांनी तो आकाशाच्या अशा कोपऱ्यावर खर्च करायचं ठरवलं जिथे काहीच दिसत नव्हतं. काही नामवंतांनी आधीच हिशेब मांडून सांगितलं होतं की यातून फारसं हाती लागणार नाही. जगभरातले खगोलशास्त्रज्ञ तासातासासाठी अर्ज करत असताना सलग दहा दिवस रिकाम्या जागेकडे बघत बसायचं, तेही आरशाच्या प्रकरणाने झालेली नाचक्की ताजी असताना. १८ ते २८ डिसेंबर १९९५ या काळात ३४२ एक्स्पोजर घेतली. ती एकत्र केली तेव्हा त्या रिकाम्या जागेत सुमारे तीन हजार दीर्घिका निघाल्या.

ती जागा कुठे आहे? सप्तर्षींपाशी. चौकोन आणि शेपूट जिथे जुळतात तो अंधुक तारा अत्री, त्यापुढचा अंगिरस. या दोघांकडून ध्रुवाच्या बाजूला थोडं सरकायचं. मे महिन्याच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास सोलापुरातून उत्तरेला तोंड करून उभी राहिलीस, तर ती जागा क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर, म्हणजे बरोबर अर्ध्या उंचीवर असते. माळवदावर अंथरूण टाकून पडलेल्या माणसाच्या नजरेसमोरच. चित्राची रुंदी पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या साधारण बाराव्या भागाइतकी. सगळं आकाश अशा चित्रांनी झाकायचं तर दोन कोटींहून जास्त चित्रं लागतील.

पुढे २००३-०४ मध्ये हबलने दक्षिणेकडची एक जागा अशीच खोलवर पाहिली आणि तिथे दहा हजारांच्या आसपास दीर्घिका मोजल्या. ती अश्मंत तारकासमूहात आहे, मृगाच्या पश्चिमेला, यमुना तारकासमूहाच्या वळणात. तू माळावर गेलीस त्याच डिसेंबरात, मध्याच्या सुमारास, रात्री साडेदहाला ही जागा दक्षिणेला असते. आणि योगायोग असा की सोलापूरच्या अक्षांशावरून तीसुद्धा जवळजवळ ४५ अंशांवरच दिसते. माणसाने पाहिलेल्या सगळ्यात खोल विश्वाच्या या दोन खिडक्या आपल्या गावावरून एक उत्तरेला, एक दक्षिणेला, सारख्याच उंचीवर येतात. हे गणित मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. अश्मंतातली जागा लक्षात ठेव, पुढे पुन्हा पुन्हा तिथेच यायचं आहे.

दुर्बीण आकाशात का न्यायची, याची नेहमीची कारणं तुला पुस्तकात सापडतील: हवा हलते म्हणून चित्र थरथरतं, अतिनील किरण वरच अडतात, अवरक्ताचाही (इन्फ्रारेडचाही) मोठा भाग पाण्याच्या वाफेत मुरतो, शिवाय हवा स्वतःच रात्री अंधुक चमकते. मला यातलं उष्णतेचं प्रकरण जास्त सांगावंसं वाटतं, कारण ते सोलापूरकराला समजवावं लागत नाही. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेलेला असतो, आणि रात्री अकरालाही भिंतीजवळ हात नेला की धग लागते. ती धग म्हणजे अवरक्त प्रकाशच. त्वचेला कळतो, डोळ्याला नाही. ज्या दुर्बिणीला अवरक्तात पाहायचंय ती स्वतःच कोमट असेल, तर तिला स्वतःचीच धग दिसत राहील आणि दूरची दीर्घिका त्यात बुडून जाईल.

म्हणून वेबला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर ठेवली, चंद्राच्या चौपट अंतरावर. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र तिथून एकाच बाजूला राहतात, आणि त्या बाजूला टेनिस कोर्टाएवढी पाच पदरी छत्री कायम धरलेली असते. छत्रीच्या सावलीतले आरसे उणे २२० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहूनही थंड राहतात. मिरी नावाच्या उपकरणाला तेवढंही पुरत नाही, त्याला शीतयंत्र लावून उणे २६६ अंशांपर्यंत नेतात. आरसा ६.५ मीटरचा, बेरिलियमच्या अठरा षटकोनी तुकड्यांचा, वर सोन्याचा पातळ मुलामा, कारण सोनं अवरक्त प्रकाश उत्तम परावर्तित करतं. इतका मोठा आरसा कुठल्याच रॉकेटच्या पोटात मावत नव्हता, म्हणून घडी घालून नेला आणि वर गेल्यावर उलगडला. २५ डिसेंबर २०२१ ला ती सुटली. हबलसारखं वर जाऊन दुरुस्त करायची सोय इथे नाही. छत्रीचे पदर ताणले जात होते त्या दिवसांत आमच्यापैकी कुणाला धड झोप लागली असेल असं मला वाटत नाही.

आता दुसरा प्रश्न, वयाचा. इथे जरा थांबून वाच, कारण सगळा कस इथेच लागतो.

विश्व प्रसरण पावतंय. प्रवासात असलेल्या प्रकाशाची तरंगलांबी त्याबरोबर ताणली जाते. जितका जुना प्रवास, तितका ताण जास्त. यालाच ताम्रसृती किंवा रेडशिफ्ट म्हणतात. किती ताणली गेली हे कळण्यासाठी मूळ लांबी ठाऊक असलेली एखादी खूण लागते. हायड्रोजन ती खूण पुरवतो. फार दूरच्या दीर्घिकांचा ०.१२१६ मायक्रॉनपेक्षा आखूड प्रकाश वाटेतला हायड्रोजन जवळपास पूर्ण गिळून टाकतो. म्हणजे त्या दीर्घिकेच्या वर्णपटात तिथे कडा तुटल्यासारखी दिसते: एका बाजूला प्रकाश, दुसऱ्या बाजूला शून्य. ही तुटलेली कड आपल्यापर्यंत येईतो कुठे सरकली, एवढं मोजायचं.

प्रत्यक्षात हे असं दिसतं. एकाच जागेची वेगवेगळ्या फिल्टरमधली चित्रं ओळीने मांडायची. ०.९ मायक्रॉन: काही नाही, नुसती खरखर. १.१५: काही नाही. १.५: काही नाही. २.० ला डोळे बारीक करून पाहिलं तर काहीतरी आहे असं वाटतं. २.७७ ला स्पष्ट ठिपका. ४.४४ ला तसाच ठिपका. शेजारच्या दीर्घिका सगळ्या चौकटींत हजर असतात, हीच एक पहिल्या तिन्हींत गैरहजर. अशी रांग समोर आली की खुर्चीत ताठ बसायला होतं.

वेबच्या मदतीने दूरच्या दीर्घिका शोधणाऱ्या जेड्स या पथकाला अशीच एक दीर्घिका मिळाली, जेड्स-जीएस-झेड१४-०. ती त्याच अश्मंतातल्या भागात आहे. ती एका जवळच्या दीर्घिकेला इतकी खेटून दिसते, आणि त्या मानाने इतकी तेजस्वी आहे, की सुरुवातीला तिच्यावर भरवसा ठेवणं अवघड होतं. मग जानेवारी २०२४ मध्ये वेबच्या वर्णपटमापकाने तिच्याकडे जवळपास दहा तास पाहिलं. कड सापडली. पुढे चिलीतल्या अल्मा या रेडिओ दुर्बिणींच्या समूहाने तिच्यात ऑक्सिजनची रेषा पकडली आणि ताम्रसृती १४.१८ अशी पक्की झाली. म्हणजे तरंगलांबी पंधरा पटींहून जास्त ताणलेली. ०.१२१६ ला १५.१८ ने गुण: कड १.८५ मायक्रॉनच्या आसपास येते. हबलचा कॅमेरा १.७ मायक्रॉनला थांबतो. म्हणजे हबलने तिथे कितीही वेळ टक लावून पाहिलं असतं, तरी ही दीर्घिका त्याला दिसणं शक्यच नव्हतं.

विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं. या दीर्घिकेचा प्रकाश निघाला तेव्हा ते ३० कोटींच्या घरात होतं. पृथ्वी आणि सूर्य जन्माला यायलाच त्यानंतर जवळजवळ नऊशे कोटी वर्षं लागणार होती. आणि तेवढ्या लहान वयात तिथे ऑक्सिजन होता. महास्फोटात ऑक्सिजन तयार झाला नाही, तो ताऱ्यांच्या पोटातच होतो. याचा अर्थ ताऱ्यांची निदान एक पिढी जन्मून, जळून, फुटून आपली राख मागे टाकून गेलेली होती. इतक्या लवकर इतकं सगळं कसं उरकलं, हा आमच्या क्षेत्रातला सध्याचा खरा पेच आहे. २०२५ मध्ये याहूनही किंचित दूरची एक सापडली, मॉम-झेड१४, ताम्रसृती १४.४४.

पण एक सावधगिरी. फिल्टरच्या रांगेवरून काढलेलं अंतर हा अंदाज असतो, वर्णपट मिळाला तरच पुरावा. वेबच्या पहिल्या काही महिन्यांत सीअर्स-९३३१६ नावाच्या एका ठिपक्याची ताम्रसृती १६ च्या वर असावी असं वाटत होतं. वर्णपट घेतला तर ती निघाली ४.९. धूळ आणि काही ठळक रेषा यांनी मिळून हुबेहूब तुटक्या कडेचं सोंग वठवलं होतं. म्हणून बातमीत ‘सर्वांत दूरची दीर्घिका’ असं वाचलंस की आधी बघ, वर्णपट आहे का. नसेल तर ‘उमेदवार’ म्हण. या शिस्तीमुळे नवल कमी होतं असं काहींना वाटतं. मला उलट वाटतं: जे सगळ्या तपासण्यांतून टिकून उरतं, त्यावरच जीव टाकता येतो.

यात आपली माणसं कुठे आहेत, असं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. सोलापूरहून इंटरसिटीने चार तासांवर असलेल्या पुण्यात राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. तिथल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या डेटात एक दीर्घिका शोधली, तिला नाव दिलं अलकनंदा. २०२५ च्या नोव्हेंबरात ती जाहीर झाली. विश्व अवघं दीडशे कोटी वर्षांचं असतानाची ही दीर्घिका, आणि तिला दोन सुरेख, समतोल सर्पिल बाहू आहेत. अशी नीट घडलेली चकती तयार व्हायला फार काळ लागतो, म्हणून त्या वयातल्या दीर्घिका ओबडधोबड, गुठळ्यांसारख्या असतील अशी अपेक्षा होती. अलकनंदा सुमारे ३० हजार प्रकाशवर्षं रुंद आहे आणि दरवर्षी साठ सूर्यांएवढ्या वस्तुमानाचे तारे घडवते आहे, आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पट. ती एबेल २७४४ या दीर्घिकासमूहाच्या मागे आहे. तो समूह इतका जड, की त्याच्या गुरुत्वाने मागचा प्रकाश वाकतो आणि मागच्या वस्तू मोठ्या व उजळ दिसतात. निसर्गाने आयतं दिलेलं भिंग. एकवीस वेगवेगळ्या फिल्टरमधली चित्रं हाताशी होती, म्हणून तिचं अंतर आणि वय इतकं नीट काढता आलं.

आणि ॲस्ट्रोसॅट. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेली आपली अवकाश वेधशाळा. तिच्यावरच्या अतिनील दुर्बिणीचा आरसा जेमतेम ३८ सेंटीमीटरचा, घरातल्या परातीएवढा. तिने त्याच अश्मंतातल्या जागेकडे अठ्ठावीस तासांहून जास्त पाहिलं, आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या कनक साहा यांच्या नेतृत्वाखालच्या गटाला ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून येणारा अतितीव्र अतिनील प्रकाश सापडला. २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. अडीच मीटरच्या आसपासच्या हबलला जे मिळालं नव्हतं ते या छोट्या आरशाला मिळालं, कारण त्याच्या संवेदकाची स्वतःची खरखर फार कमी आहे. हा प्रकाश महत्त्वाचा आहे, कारण हायड्रोजनचे अणू फोडण्याची ताकद त्यात असते. विश्वातलं सुरुवातीचं हायड्रोजनचं धुकं याच जातीच्या प्रकाशाने विरलं असं मानतात, पण असा प्रकाश दीर्घिकेतून बाहेर निसटताना पकडणं फार कठीण.

आता तुझा तिसरा प्रश्न. स्क्रीनकडे बघण्यात काय नवल?

माझ्यापुरतं उत्तर असं. दीर्घिका सुंदर दिसते म्हणून मला भरून येत नाही. सुंदर चित्रं सवयीची होतात, खोटं कशाला बोलू. भरून येतं ते एखाद्या मंद, चारसहा चौकोनांच्या ठिपक्यापाशी, जेव्हा मी तो खोटा ठरवण्याचा प्रत्येक मार्ग वापरून झालेला असतो आणि तो तरीही तिथेच असतो. विश्वकिरण नाही, संवेदकाचा दोष नाही, शेजारच्या ताऱ्याचा किरण नाही, धूळ नाही. म्हणजे तिथे खरंच कुणाचे तरी सूर्य आहेत, कोट्यवधी, आणि ते पृथ्वी नव्हती तेव्हाचे आहेत. हे कळण्याचा क्षण डोळा लावून पाहण्यापेक्षा उणा नाही. तो डोळ्याच्या पलीकडचा आहे इतकंच.

आणि दोन्ही पाहणं सोबत ठेवावं असं माझं ठाम मत आहे. नुसत्या स्क्रीनवर वाढलेल्या विद्यार्थ्यांना दीर्घिकेचा अचूक पत्ता पाठ असतो, पण ती आत्ता डोक्यावर आहे की पायाखाली, ते सांगता येत नाही. तुझं तसं होऊ देऊ नकोस. सोलापूरचं हिवाळी आकाश कोरडं आणि स्वच्छ असतं, मुंबईकरांनी हेवा करावा असं. शहरात एलईडी दिव्यांनी आता सगळं पांढरं झालंय, सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून देवयानी शोधणं अवघड आहे. पण नान्नजच्या बाजूला अजून काळोख शिल्लक आहे. अभयारण्यात रात्री शिरायचं नाही. बाहेर, ओळखीच्या कुणाच्या शेतात, विचारून, घरातलं मोठं माणूस बरोबर घेऊन. डिसेंबरच्या मध्याला अमावास्येच्या आसपास साडेसातला देवयानी उत्तरेला खूप उंचावर असते, साधी ७×५० ची द्विनेत्री पुरते. साडेदहापर्यंत थांबलीस तर दक्षिणेला अश्मंत. तिथे डोळ्याला काहीही दिसणार नाही. तरी पाहा. हबल, वेब आणि ॲस्ट्रोसॅट या तिघांनीही जिथे टक लावली ती जागा तीच.

राहिला डेटा. वेब आणि हबलचा बहुतेक सगळा डेटा मास्ट नावाच्या संग्रहात आहे, ठरावीक काळानंतर कुणालाही फुकट मिळतो. पुण्यातल्या त्या दोघांनीही अलकनंदासाठी असाच सर्वांसाठी खुला डेटा वापरला. फाइली मोठ्या असतात, काही तर कित्येक जीबीच्या, तेव्हा मोबाइलच्या डेटावर उतरवायला जाऊ नकोस. सुरुवात सोप्यापासून कर: जेड्स पथकाचा नकाशा थेट ब्राउझरमध्ये उघडतो, झूम करता येतो, फिल्टर बदलता येतात. अभ्यास सांभाळून रविवारी तासभर पुरे. गणित आणि थोडं पायथॉन आत्तापासून शीक. बारावीनंतर भौतिकशास्त्रात बीएस्सी घेतलीस तरी वाट बंद होत नाही, आयुकाच्या उन्हाळी शिबिरांना पुढे अर्ज करता येतो, आणि घरच्यांना हे दाखवायलाही बरं पडेल.

तो नकाशा उघडलास की एक कर. १.५ मायक्रॉनच्या चौकटीत अजिबात नसलेला आणि २.७७ च्या चौकटीत ठळक असलेला एखादा ठिपका शोध. सापडला की त्याचे आकाशातले सहनिर्देशांक वहीत लिही, शेजारी काय काय आहे त्याचं छोटं चित्र काढ, आणि ४.४४ मध्ये तो २.७७ पेक्षा बराच उजळ आहे की साधारण तेवढाच, हेही नोंदव. बराच उजळ असेल तर धुळीचा संशय आधी घ्यायचा. तेवढाच असेल, तर मला कळव. त्याचा वर्णपट कुणी घेतलाय का ते आपण दोघी मिळून शोधू.